बीए म्युझिकच्या मुलांना फॉर्म, म्हणजे गाण्याच्या रचनेचा आराखडा, शिकवायचा कसा

पहिल्याच तासाला फळ्यावर स्थायी, अंतरा (बंदिशीचे दोन भाग), बडा ख्याल (संथ लयीतला ख्याल) यांच्या व्याख्या लिहून देऊ नका. मुलं त्या पेपरात बरोब्बर लिहितात पण रेकॉर्डिंग लावून सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आली विचारलं की एकमेकांकडे बघत बसतात, हे मी दरवर्षी बघते.

अभंगापासून सुरू करा. पुण्यात पालखी येते, त्यामुळे धृपद (पुन्हा पुन्हा येणारी ओळ)-चरण-धृपद हे मुलांच्या कानात आधीच बसलेलं असतं, त्यालाच फॉर्म म्हणतात हे माहीत नसतं एवढंच. धृपद आलं की हात वर करायचा, बस्स, नावं नंतर.

मग तीनतालातला एक छोटा ख्याल लावा, १६ मात्रा हातावर धरायला लावा आणि मुखडा, म्हणजे समेवर नेणारा बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, कितव्या मात्रेला उठतो ते त्यांनाच शोधू द्या, बऱ्याच बंदिशींत तो नवव्या मात्रेला म्हणजे खालीला (जिथे टाळी न देता हात मोकळा सोडतात) सापडतो.

खरा वेळ द्यायचा तो विलंबित (अगदी संथ) एकतालाला. मात्रा चार सेकंदांची धरली तर १२ मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, ४८ सेकंदांचं होतं आणि तेवढ्यात नवख्या कानाचा पत्ताच हरवतो. म्हणून मी पहिली दहाच मिनिटं ऐकवते आणि अप्पा बळवंत चौकात मिळतो तो साधा ग्राफ पेपर हातात देते. एक आडवी ओळ म्हणजे एक आवर्तन, एक चौकोन म्हणजे एक मात्रा, मुखडा जिथे धरला तिथे खूण, आणि त्या आवर्तनात गायक ज्या सगळ्यात वरच्या स्वरापर्यंत गेला तो ओळीच्या शेवटी लिहायचा. बारा-तेरा ओळी भरल्या की बढत, म्हणजे राग स्वरास्वराने उलगडत नेणं, डोळ्यांना दिसायला लागते! मग विचारा, गंधारावर तीन आवर्तनं का थांबला असेल? इथे मुलं भांडतात, भांडू द्या, फक्त प्रत्येकाने कागदावर बोट ठेवून बोलायचं.

वेस्टर्नचा पेपरही असेल तर सोनाटा फॉर्मशी तुलना करा पण जपून, एक्स्पोझिशन (सुरांची पहिली मांडणी) म्हणजे स्थायी आणि डेव्हलपमेंट (त्यांचा विस्तार) म्हणजे बढत अशा जोड्या लावून मोकळं होऊ नका प्लीज. तिकडे मूळ की (आधारस्वर आणि त्याची स्वरपट्टी) सोडून जायचं आणि रीकॅपिट्युलेशनला, म्हणजे शेवटच्या फेरमांडणीला, घरी यायचं यावर सगळा डोलारा असतो, आपला तानपुऱ्यावरचा षड्ज तर हलतच नाही, मग आपल्याकडे ताण येतो कुठून? या एका प्रश्नाला अख्खा तास द्या. समेची ओढ, तार षड्जाकडे चढत जाणं, वाढत जाणारी लय, उत्तरं मुलंच आणतात.

परीक्षेला न ऐकलेलं रेकॉर्डिंग द्या, तीनदा ऐकवा, ग्राफ पेपरवरचा तसाच नकाशा आणि त्यावर अर्धं पान मागा.

आणि डिसेंबरात मुलांना सवाईला, म्हणजे पुण्यातल्या सवाई गंधर्व महोत्सवाला, घेऊन जा. तिथे पॉज नसतो, कागदही नको, आवर्तनं बोटांवर मोजायची आणि सम आली की शेजारच्याकडे न बघता मान हलते का ते बघायचं.