एव्हरेस्ट बेस कॅम्प: या चुका टाळा, सह्याद्रीतला वेग घरी ठेवा

कळसूबाई १,६४६ मीटर. हा ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्ल्याला विमानातून उतरता तेव्हा तुम्ही साधारण २,८५० मीटरवर असता. पहिलं पाऊल टाकायच्या आधीच महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर हजारभर मीटर खाली राहिलेलं असतं. हे आकडे आपल्याकडच्या प्रत्येक ट्रेकरला पाठ असतात. तरी दर ऑक्टोबरात पुण्या-मुंबईचे ग्रुप खुंबूत (एव्हरेस्टच्या पायथ्याचा हा सगळा भाग) हरिश्चंद्रगडाच्या चालीने चढताना दिसतात: सगळ्यांत पुढे कोण, पुढच्या मुक्कामी आधी कोण पोचलं, किती तासांत. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका या घाईच्याच आहेत. काही मी स्वतः केल्या आहेत.

रजा आधी, ट्रेक नंतर

दिवाळीची सुट्टी आणि चार दिवस रजा, असे दहा दिवस हातात येतात आणि मग ट्रेक त्यात कोंबला जातो. लुक्ला ते लुक्ला बारा दिवस धरा. त्याच्या पुढेमागे काठमांडू आणि किमान दोन दिवस हवामानासाठी मोकळे. लुक्ल्याची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर आणि तीही चढावर बांधलेली. ढग उतरले की विमानं बंद, मग तुमचं मुंबईचं तिकीट नॉन-रिफंडेबल असो की आणखी काही. गर्दीच्या हंगामात बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातल्या मन्थलीहून सुटतात. त्यासाठी मध्यरात्रीनंतर काठमांडू सोडून चार-पाच तास गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यावी लागतात. हे बुकिंग करतानाच विचारून घ्या.

दिवस कमी पडले की पहिली कुऱ्हाड विश्रांतीच्या दिवसावर पडते. "नामचेला दोन रात्री कशाला? तब्येत तर ठणठणीत आहे." नेमका हाच दिवस कापायचा नसतो. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एका ठिकाणी जादा रात्र काढावी, असा साधा नियम आहे. पहिला मुक्काम फाकदिंग २,६१० मीटर, दुसरा नामचे बाजार ३,४४०. एका दिवसात आठशे मीटरची उडी. ती नामचेत दोन रात्री काढून फेडायची असते. दुसरी अशी रात्र डिंगबोचेत, ४,४१० मीटरवर.

आणि विश्रांती म्हणजे रजईत लोळणं नव्हे. नामचेहून सकाळी खुमजुंगला चढा, तिथली शाळा बघा (एडमंड हिलरींनी १९६१ साली उभी केलेली), चहा प्या आणि झोपायला खाली या.

"काही नाही रे, झोप झाली नाही"

डिंगबोचेची संध्याकाळ. लॉजच्या जेवणघरात मधोमध शेगडी, तिच्यात याकच्या शेणाच्या गोवऱ्या, भोवती ओळीने वाळत घातलेले मोजे. आमच्यातला सगळ्यांत तगडा गडी, अर्ध-मॅरेथॉन धावणारा, टोपी कपाळावर ओढून बसला होता. डाळभाताचं ताट तसंच. विचारलं तर म्हणाला, "काही नाही रे, झोप झाली नाही."

आम्ही सोडून दिलं. आमच्या गाइडदाईंनी (दाई म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ) सोडलं नाही. त्यांनी त्याला उभं केलं आणि जमिनीच्या दोन फळ्यांमधल्या फटीवरून टाचेला बोटं लावत सरळ चालायला सांगितलं. तो चालला, डगमगला नाही. दाई म्हणाले, "ठीक छ. पण उद्या वर नाही." रात्री दोनदा उलटी झाली. सकाळी एका भरियाबरोबर (ओझी वाहणाऱ्यांना तिकडे भरिया म्हणतात) तो पांगबोचेला, पाचशे मीटर खाली गेला. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

त्या फटीवर तो डगमगला असता, तर सकाळची वाट न बघता बॅटरीच्या उजेडात त्याला खाली न्यावं लागलं असतं. तोल जाणं, बरळणं, वागणं बदलणं म्हणजे मेंदूला सूज. बसल्या जागी धाप, खोकला, गुलाबी फेसाळ थुंकी म्हणजे फुप्फुसात पाणी. दोन्हींत माणूस काही तासांत मरू शकतो आणि दोन्हींचा पहिला इलाज एकच: ताबडतोब खाली. नुसती डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं ही पहिली पायरी. त्या पायरीवर वर चढायचं नाही. पण ती सांगायला तोंड उघडावं लागतं आणि आपल्याकडे तिथेच घोडं अडतं. लीडर रागावेल, ग्रुप थांबेल, पैसे वाया जातील. दोन-दोघांच्या जोड्या लावा आणि रोज संध्याकाळी आपल्या जोडीदाराचं ताट रिकामं झालं का ते बघा. डोकं दुखतंय हे माणूस लपवतो, ताट लपवता येत नाही.

डायमॉक्सबद्दल (उंचीच्या आजारासाठीची गोळी) दोन टोकं दिसतात. एक, "गोळी घेतली की वाटेल तसं चढा." दोन, "गोळी म्हणजे चीटिंग." दोन्ही बिनबुडाची. गोळी शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते, घाईची भरपाई करत नाही. सल्फाची ॲलर्जी असेल तर धोका, म्हणून निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. बोटांना मुंग्या येतील, रात्री चारदा उठावं लागेल आणि कोक फिक्कं लागेल. घाबरू नका, हे त्या गोळीचेच उद्योग.

ऑक्सिमीटरचं वेड कोविडपासून लागलंय. ४,९०० मीटरवर लोबुचेला ८० आकडा दिसला म्हणून एकाने घरी फोन करून रडारड केली होती. त्या उंचीवर तो आकडा नवलाचा नाही, आणि थंड बोटांवर यंत्र खोटंही बोलतं. माणूस कसा दिसतोय, खातोय का, सरळ चालतोय का, ते बघा. डिंगबोचेजवळच्या फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना १९७३ पासून आहे. हंगामात डॉक्टर तिथे उंचीच्या आजाराबद्दल तासभर बोलतात. वाट थोडी वाकडी करून ते ऐका.

विम्यात ६,००० मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टर आहे का, ते लेखी घ्या. पाय दुखतात म्हणून हेलिकॉप्टर मागवणारे मी पाहिलेत, त्यांच्याविषयी न बोललेलं बरं.

"एक शेर्पा किती घेतो?"

हा प्रश्न काठमांडूतच कानावर पडतो आणि तो विचारणाऱ्याला आपण काय चुकलो हे कळतही नाही. शेर्पा हे कामाचं नाव नाही, लोकांचं नाव आहे. 'शर' म्हणजे पूर्व, 'पा' म्हणजे माणसं. काही शतकांपूर्वी पूर्व तिबेटमधून इकडे आलेली. तुमची बॅग वाहणारा भरिया बहुतेकदा खालच्या खोऱ्यांतला राई, तमांग किंवा मगर असतो. त्याला "ए शेर्पा" म्हणणं म्हणजे पुण्यात रिक्षावाल्याला "ए मराठा" म्हणण्यासारखं. नाव विचारा की सरळ.

शेर्पांची नावं कळली की मजाही येते, कारण बरीचशी वारावरून असतात. सोमवारी जन्मला तो दावा, मंगळवारी मिंग्मा, बुधवारी ल्हाक्पा, गुरुवारी फुर्बा, शुक्रवारी पासांग, शनिवारी पेम्बा, रविवारी निमा. मुलगा असो की मुलगी. एकाच गल्लीत चार पासांग निघतात ते त्यामुळेच.

भाषेची चूक आपण मराठी माणसं जास्त करतो, कारण आपल्याला वाटतं की येतं. पाट्या देवनागरीत, हिंदी सगळ्यांना समजतं, मग सुरू: "ए भाई, पानी लाओ." नेपाळीत 'तपाईं' आणि 'तँ' यांत आपल्या 'तुम्ही' आणि 'अरे-तुरे' इतकंच अंतर आहे आणि ते हिंदीतल्या सुरातूनही पोचतं. मोठ्याला दाई, बाईला दिदी, लहान्याला भाइ, मुलीला बहिनी. एवढ्या चार शब्दांवर स्वयंपाकघराची दारं उघडतात.

भरियाच्या पाठीवर एकूण ३० किलोच्या वर जाऊ देऊ नका; दोघांत एक भरिया ठरवलात तर तुमच्या वाट्याला दहा-बारा किलो येतात. त्याच्याकडे बूट, जाकीट, गॉगल आहे का हे एजन्सीवर सोडून मोकळे होऊ नका. निघताना त्याच्या पायांकडे बघा.

फक्त गरम पाणी द्या

आठ जण लॉजवर येतात, खोल्या घेतात आणि पिशव्यांतून थेपले, मेतकूट, रेडी-टू-ईट पुलाव काढतात. "दिदी, फक्त गरम पाणी द्या." हे अगदी आपलं दृश्य. तिथे खोली स्वस्त मिळते ती तुम्ही जेवण तिथेच घ्याल या हिशोबावर. लुक्ल्याच्या वर गाडीरस्ता नाही. तांदूळ, गॅस, तुमच्या कॉफीची साखर, सगळं माणसाच्या किंवा जनावराच्या पाठीवर चढतं, म्हणून वर जाल तसा चहाही महागतो. घासाघीस करायची ती काठमांडूत करा. चकल्या-लाडू जरूर न्या, पण शेगडीभोवती बसलेल्यांना वाटायला.

मांस मात्र वर टाळा. खुंबूत प्राणी मारत नाहीत. मांस खालून येतं, पाठीवर, उन्हातून. डाळभात पुन्हा पुन्हा वाढतात, तोच खा. कुणी घरी बोलावून चहा किंवा छांग (धान्याची घरगुती दारू) पुढे केली तर "शे, शे" असा आग्रह होईल. आपल्या पंगतीतल्या आग्रहाची सवय इथे कामाला येते: थोडं घ्या, कारण पेला पुन्हा भरणारच. छांग मात्र वर चढताना नको, उतरताना घ्या. आणि शेगडीत चॉकलेटचा कागद टाकू नका. त्यांच्या घरात चूल पवित्र असते. आपल्या आजीने तरी चुलीत कचरा टाकू दिला असता का?

डावीकडून जा

वाटेत मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती लागतात, त्या मणी. चोर्तेन (बौद्ध स्तूप) लागतात, प्रार्थनाचक्रं लागतात. सगळ्यांना उजवीकडे ठेवून, म्हणजे स्वतः डावीकडून जायचं. आपल्या प्रदक्षिणेसारखंच, लक्षात ठेवायला काही जड पडत नाही. तरी शॉर्टकट दिसला की पाय उजवीकडे वळतातच. मणीवर सॅक टेकवून बसणं, त्यातला छोटा दगड 'आठवण' म्हणून खिशात घालणं, हेही पाहिलंय.

याक किंवा झोप्क्यो (याक आणि गाईचा संकर) समोरून आले तर याच्या उलट शहाणपण लागतं: फोटो सोडा आणि डोंगराच्या बाजूला चिकटून उभे राहा. दरीच्या बाजूला उभ्या माणसाला त्यांच्या पाठीवरच्या पिंपाचा एक धक्का पुरतो.

तेंगबोचेचा मठ १९१६ चा. १९३४ च्या भूकंपात पडला, १९८९ च्या आगीत जळला, पुन्हा उभा राहिला. आत बूट काढा, टोपी काढा, फोटोचं आधी विचारा. पूजा चालू असेल तर भिंतीशी बसून घ्या, मधून उठून जाऊ नका.

आणि थुकला खिंड. डिंगबोचेहून लोबुचेला जाताना दम काढणारा चढ संपतो आणि समोर दगडी स्मारकांचं माळरान येतं. डोंगरात गेलेल्यांची स्मारकं. बाबू चिरी शेर्पांचंही तिथेच आहे, ज्यांनी १९९९ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर कृत्रिम ऑक्सिजनशिवाय एकवीस तास काढले आणि ज्यांना २००१ मध्ये त्याच पर्वतावर मरण आलं. चढ संपला की आपल्या तोंडून घोषणा आपोआप निघते. महाराजांचा जयजयकार बेस कॅम्पला खुशाल करा, भगवाही फडकवा. थुकल्याला आवाज बंद. तिथे शेजारच्या दगडाशी बसलेला माणूस कुणाचा तरी मुलगा असू शकतो.

किरकोळ, पण अंगाशी येणाऱ्या

नवे बूट घालून जाऊ नका, दोन पावसाळी ट्रेक आधी त्यांत काढा. जीन्स आणि सुती बनियन घामाने ओले होतात आणि वाळत नाहीत. नाका-तोंडावर बफ (गळ्यात घालायचा नळीसारखा रुमाल) ठेवा, नाहीतर कोरड्या हवेचा खोकला घरापर्यंत सोबत येतो. फोन आणि पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, थंडीत बॅटरी बसते. विमानाने नेपाळला जायला आधार कार्डावर विसंबू नका. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या. नामचेच्या वर एटीएमच्या भरवशावर राहू नका, पुरेशा नेपाळी नोटा खालूनच न्या. शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी, हा दर ठरलेला आहे.

आता पांगबोचेचं. आम्ही बेस कॅम्प करून चार दिवसांनी उतरलो तेव्हा आमचा अर्ध-मॅरेथॉनवाला लॉजच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून बटाटे किसत होता. रिकी कुर करायचे होते, बटाट्याचे जाडसर धिरडे, वर याकचं लोणी. दिदीच्या दोन्ही मुलींची नावं, वार आणि अभ्यासातली भांडणं त्याला पाठ झाली होती. आम्ही त्याला बेस कॅम्पचे फोटो दाखवायला लागलो. त्याने दोन बघितले, मग म्हणाला, "थांब, तवा तापलाय."