ऑझलॅन शिकताय? या चुका माझ्या करून झाल्यात, तुम्ही टाळा

मेलबर्नला आमच्या घराजवळच्या नेबरहूड हाऊसमध्ये (वस्तीचं समाजकेंद्र) आठवड्यातून एकदा संध्याकाळी ऑझलॅनचा क्लास असतो. लेकीच्या डेकेअरमधल्या मैत्रिणीची आई डेफ आहे, गेटवर रोज भेट व्हायची आणि रोज मी नुसतं हसून सटकायचे, शेवटी माझी मलाच लाज वाटली आणि नाव नोंदवलं. ऑझलॅन म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या डेफ लोकांची साइन लँग्वेज, २०२१ च्या जनगणनेत १६ हजारांवर लोकांनी घरी हीच भाषा वापरतो असं सांगितलंय. दोन टर्म झाल्यात, बऱ्यापैकी फजिती झालीय, म्हणून हे लिहितेय.

पहिली हुशारी मी क्लास सुरू व्हायच्या आधीच केली. यूट्यूबवर एबीसीडी पाठ करून गेले आणि पहिल्याच दिवशी एका हाताने धडाधड दाखवली, तर आमच्या टीचर (त्या स्वतः डेफ आहेत) हसायलाच लागल्या. मी शिकले होते ती अमेरिकन! ऑझलॅनचं मूळ ब्रिटिश साइनमध्ये आहे, सिडनी आणि मेलबर्नला १८६० मध्ये डेफ मुलांच्या पहिल्या शाळा निघाल्या तेव्हापासून ती इथे रुजली, आणि तिची अक्षरं दोन हातांची. आपली इंडियन साइन लँग्वेजही अक्षरं दोन हातांनीच दाखवते, पण म्हणून तिथल्या खुणा इथे चालतील असं धरू नका. इतकंच काय, सिडनीचा व्हिडिओ बघून शिकलेले आकडे आणि रंगसुद्धा मेलबर्नला वेगळे निघू शकतात, कारण उत्तरेची आणि दक्षिणेची बोली वेगळी, आपल्याकडे कोल्हापूरची आणि नागपूरची असते तशी. शब्द अडला तर ऑझलॅन साइनबँक हा ऑनलाइन शब्दकोश बघा, तिथे कुठली खूण कुठल्या राज्यात चालते तेही दिलेलं असतं.

अक्षरांत हमखास घोटाळा होतो तो तळहातावर. स्वर सोपे आहेत, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बोटांच्या टोकांवर ओळीने ए ई आय ओ यू. पण तळव्यावर एक बोट ठेवलं की एल, दोन जुळवून ठेवली की एन, तीन ठेवली की एम, आणि तीच दोन बोटं फाकवली की व्ही. घाईत एनचा व्ही होतो, म्हणजे 'नवीन' नावाच्या माणसाचं काय होत असेल बघा. मी ट्रेनमध्ये स्टेशनांची नावं करत बसते, ग्लेन वेव्हर्ली एकदम बेस्ट, एल, एन, व्ही तिन्ही एकाच नावात. स्पीड वाढवायच्या नादाला लागू नका, हात छातीसमोर स्थिर ठेवा, प्रत्येक अक्षराला उडवू नका. आणि उजवा हात मुख्य असेल तर उजवाच ठेवा, टीचर समोर उभ्या असतात म्हणून आरशासारखी नक्कल करून आपण नकळत डावा चालवायला लागतो.

मान डोलवणे

हे खास आपल्या लोकांसाठी. टीचरनी विचारलं, कळलं का? मी आपली सवयीने मान इकडून तिकडे डुलवली. त्यांनी पुन्हा समजावलं. मी पुन्हा डुलवली. तिसऱ्यांदा त्या थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, हो की नाही? ऑझलॅनमध्ये मान म्हणजे व्याकरण आहे हो, 'समजलं' ही खूण करताना मान आडवी हलली की त्याचं 'नाही समजलं' होतं, आणि आमचं ते अधलंमधलं डोलणं कुठल्याच खान्यात बसत नाही. भुवयांचंही तसंच, हो-नाहीचा प्रश्न असेल तर भुवया वर, काय-कुठे-कोण विचारायचं असेल तर भुवया खाली, आकसून. मी महिनाभर कोऱ्या चेहऱ्याने प्रश्न विचारत होते आणि लोक उत्तर का देत नाहीत याचं नवल करत होते. घरी फोनवर स्वतःचा व्हिडिओ काढा, भयंकर ऑकवर्ड वाटतं पण चूक लगेच दिसते.

बघायचं कुठे, तर समोरच्याच्या चेहऱ्याकडे. सुरुवातीला नजर हातांना चिकटते, पण हात कडेच्या नजरेत आपोआप दिसतात, आणि चेहरा सुटला की अर्धं वाक्य गेलं.

तोंडाने इंग्लिश, हाताने ऑझलॅन

दोन्ही एकदम बोलायला गेलं की हात इंग्लिशच्या मागे फरफटत जातात, एकेक शब्द त्याच क्रमाने, 'इझ' आणि 'द' या शब्दांसाठी पण खूण शोधत बसायचं. आवाज बंद करा. उलट इथे मराठी कामाला येते, आपण नाही का म्हणत, 'ती छत्री, कुठे ठेवलीस?' म्हणजे आधी विषय, मग प्रश्न. ऑझलॅनमध्ये 'नाव तुझं काय' असा क्रम छान चालतो. हे डोक्यात बसल्यावर माझी वाक्यं जरा माणसात आली.

करंगळीचा किस्सा सांगायलाच हवा. अंगठा वर म्हणजे चांगलं, करंगळी वर म्हणजे वाईट. कुणीतरी विचारलं वीकेंड कसा गेला, समोरून एका बाईंनी करंगळी वर केली आणि मी त्यांना अदबीने टॉयलेटचा दरवाजा दाखवला. शाळेत बाईंना करंगळी दाखवून वाढलेलो आपण, काय करणार!

कळलं नाही तर कळल्यासारखं हसू नका, हे डेफ लोकांना तत्काळ ओळखू येतं. 'पुन्हा' आणि 'हळू' या दोन खुणा पहिल्याच दिवशी शिकून घ्या. बोलवायचं असेल तर हात हलवा, खांद्यावर हलकं थापटा, लांब असतील तर लाइट एकदा बंद-चालू करा. खिडकीकडे पाठ करून बसू नका, तुमचा चेहरा काळा दिसतो. दोघं साइन करताहेत आणि वाट त्यांच्यामधूनच आहे, तर सरळ पटकन जा, वाकून सॉरी-सॉरी करत मध्येच थबकलात की त्यांचं बोलणं खरंच तुटतं. स्वतःसाठी साइन नेम (खुणेतलं नाव) बनवून आणू नका, ते डेफ लोकच देतात, मला अजून मिळालेलं नाही. आणि आईला फोनवर सांगताना मी 'मूकबधिरांची भाषा' म्हणून गेले, मग स्वतःच थांबले, मूक कसले, आमच्या टीचर क्लासमध्ये सगळ्यात जास्त बोलतात.

शेवटची चूक, साडेआठ वाजले की पर्स उचलून निघायचं. डेफ मंडळींचा निरोप म्हणजे आपल्यासारखाच, 'निघते हं' म्हणून दारात अर्धा तास. मोकळेपणी बोलणं तिथेच होतं, कोणी दुरुस्त करत नाही, विषय मुलांचे आणि घरभाड्याचे. आमचा घोळका पार्किंगमध्ये बरोबर दिव्याच्या खांबाखाली जमतो, अंधारात हात दिसत नाहीत ना, म्हणून हल्ली मी गाडी मुद्दाम त्याच खांबापाशी लावते.