परदेशातून घरी फोन: प्रीपेड सिम घेताना आणि वापरताना या चुका टाळा

सिम नवं, रिचार्ज ताजा, रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या. घरचा नंबर लावला, तर पलीकडची बाई परक्या भाषेत काहीतरी सांगते आणि फोन कट. पहिल्या प्रवासात मी हे ओळीने सहा वेळा ऐकलं आणि सिमवाल्याला मनातल्या मनात शिव्या घालून मोकळा झालो. चूक माझी होती. फोनबुकात 'घर' म्हणून जो नंबर ठेवला होता, तो शून्यापासून सुरू होत होता.

ते शून्य फक्त देशातल्या देशात फोन लावण्यापुरतं असतं. बाहेरून लावताना आधी +, मग देशाचा कोड, मग शून्य गाळून उरलेला नंबर. + हवा असेल तर शून्याचीच कळ दाबून धरायची. + ऐवजी 00 बऱ्याच देशांत चालतं, पण अमेरिका आणि कॅनडात 011, जपानमध्ये 010 आणि ऑस्ट्रेलियात 0011 लावावं लागतं. + टाकला की ही भानगड नेटवर्क स्वतःच निस्तरतं. इटलीचं मात्र उलटं आहे. तिथल्या लँडलाइनचं सुरुवातीचं शून्य बाहेरून लावतानाही ठेवावं लागतं. तेव्हा निघण्याआधी अर्धा तास काढा आणि घरचे सगळे नंबर + सकट सेव्ह करा. असे सेव्ह केलेले नंबर एरवीही लागतात, परत आल्यावर बदलायची गरज नाही.

स्वस्त म्हणजे नक्की काय स्वस्त?

पाकिटावर 'अनलिमिटेड कॉल' लिहिलेलं असतं. ते कॉल बहुतेक वेळा त्याच देशातले असतात. आपल्याला हवा आहे आंतरराष्ट्रीय दर, आणि तोही आपल्या देशाचा. लँडलाइनचा आणि मोबाइलचा दर वेगवेगळा असू शकतो, दोन्ही विचारा. पल्स, म्हणजे पैसे मोजायचा टप्पा, किती सेकंदांचा हेही विचारा. साठ सेकंदांचा असेल तर एक मिनिट दोन सेकंदांच्या बोलण्याला दोन मिनिटांचे पैसे जातात. कॉलिंग कार्डावर (आधी पैसे भरून कॉल लावायचं कार्ड) तर काही वेळा प्रत्येक कॉलला जोडणी शुल्क कापतात. मिनिटाचा दर मोठ्या अक्षरात, हे शुल्क मागच्या बाजूला मुंगीएवढं. अशा कार्डावर 'पोचलो', 'जेवलो', 'झोपतो' असे तीन फोन करण्यापेक्षा रात्री एकदाच निवांत बोललेलं परवडतं.

सध्या बरीच फसगत ई-सिमच्या, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच भरायच्या सिमच्या बाबतीत होते. प्रवाशांसाठी विकली जाणारी बरीचशी ई-सिम निव्वळ डेटाची असतात. त्यांना फोन नंबरच नसतो. जपानमध्ये पर्यटकांना मिळणारी प्रीपेड कार्डंही बहुतेक अशीच. घरच्यांकडे स्मार्टफोन आणि इंटरनेट असेल तर काही बिघडत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलता येतं. पण घरी नुसती लँडलाइन असेल तर त्या डेटाचं करायचं काय? मग कॉलची मिनिटं असलेलं सिम घ्या, किंवा साध्या फोनवर कॉल लावून देणारं अ‍ॅप निघण्याआधी पैसे भरून तयार ठेवा. जुन्या सवयीने स्काइपच्या भरवशावर राहू नका, ते मे 2025 मध्ये बंद झालं. आणि कुठे जाताय तेही बघा: संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल अडवलेले असतात, चीनमध्ये तर अख्खं व्हॉट्सअ‍ॅपच.

नेट चालतं, पण कॉल लागत नाही

हा प्रश्न हल्ली वाढलाय आणि दुकानदारालाही तो चटकन उमगत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी 2022 पर्यंत थ्रीजी गुंडाळलं, ऑस्ट्रेलियात 2024 मध्ये तेच झालं. तिथे आता कॉलसुद्धा मुख्यतः फोरजीवरून, म्हणजे व्होल्टीवरून जातो. फोन जुना असेल, किंवा त्या नेटवर्कवर त्याचं व्होल्टी चालत नसेल, तर नकाशा उघडतो, फोटो जातात, पण कॉलचं बटण दाबलं की दोन सेकंदांत कट. आधी सेटिंगमध्ये व्होल्टी चालू आहे का पाहा. असूनही लागत नसेल तर त्याच नेटवर्कचं दुसरं सिम घेऊन उपयोग नाही. त्या फोनवर तो प्रवास बहुधा अ‍ॅपच्या कॉलवरच काढावा लागतो.

उलट तक्रार, म्हणजे कॉल लागतो पण नेट नाही, अशी असेल तर बहुधा एपीएन, म्हणजे फोनला नेटशी जोडणारं सेटिंग, भरायचा राहिलेला असतो. तो सहसा पाकिटावर छापलेला असतो. आणि सिम टाकताच फोन अनलॉक कोड मागायला लागला, तर तो एखाद्या कंपनीला बांधलेला आहे. हे घरीच दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून तपासता येतं, त्याला विमानतळ कशाला हवा?

जुनं सिम गप्प बसत नाही

बँकेचे ओटीपी येतात म्हणून आपण घरचं सिम चालू ठेवतो. बरोबरच आहे. पण डेटा रोमिंग बंद करून थांबू नका. दोन सिमच्या फोनमध्ये 'गरज पडल्यास दुसऱ्या सिमचा डेटा वापरा' अशा अर्थाचं एक सेटिंग असतं, तेही बंद करा. घरून आलेल्या मिस्ड कॉलवर नुसतं बोट टेकवलं तर फोन अनेकदा ज्या सिमवर कॉल आला त्याच सिमवरून उलटा लावतो. झालं, रोमिंगचा दर. कॉल लावण्याआधी वर कोणत्या सिमचं नाव दिसतंय, ते बघायची सवय लावा.

सर्वांत छुपा खर्च व्हॉइसमेलचा, म्हणजे न उचललेल्या कॉलचा निरोप रेकॉर्ड करून ठेवणाऱ्या सेवेचा. समजा कॉल तुमच्या घरच्या सिमच्या नंबरवर आला. तो आधी तुमच्यामागे परदेशात येतो. तुम्ही उचलत नाही, मग तो पुन्हा मायदेशी व्हॉइसमेलकडे वळतो. म्हणजे एका न उचललेल्या कॉलचे दोन आंतरराष्ट्रीय फेरे, आणि काही कंपन्या दोन्हींचे पैसे लावतात. प्रीपेडचा बॅलन्स 'आपोआप' संपला, असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं हेच झालेलं असतं. निघण्याआधी ##002# लावलं की बहुतेक नेटवर्कवर सगळी कॉल फॉरवर्डिंग, म्हणजे कॉल असे दुसरीकडे वळवणं, रद्द होतात.

जहाजावर आणि विमानात दिसणारं नेटवर्क उपग्रहाचं असतं आणि नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा धरलेलं नसतं. फ्लाइट मोड, बस्स. सीमेजवळच्या गावात फोन शेजारच्या देशाचा टॉवर पकडतो, तिथे नेटवर्क आपोआप निवडू न देता हाताने निवडा.

घाईत करू नयेत अशा गोष्टी

सिमची पिन तीनदा चुकली की ते पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कोड, मागतं, आणि पीयूके दहादा चुकला की ते कायमचं बाद. पीयूके ज्या प्लास्टिकच्या पट्टीवर छापलेला असतो ती पट्टी आपण हॉटेलच्या कचरापेटीत टाकलेली असते. तिचा फोटो काढून ठेवा. ई-सिम नीट चालत नाही म्हणून डिलीट करून पुन्हा टाकू पाहू नका, बहुतेकांचा क्यूआर कोड एकदाच चालतो.

नवं सिम टाकल्यावर व्हॉट्सअ‍ॅप 'नंबर बदलायचा का?' असं विचारू शकतं. 'नाही' म्हणा. घरच्यांना तुमचा जुनाच नंबर ठाऊक असतो. परदेशी नंबरवर एखादं खातं उघडलं असेल, तर व्हॅलिडिटी संपायच्या आत तिथून तो काढा. मुदत संपली की कंपनी तो नंबर काही काळाने दुसऱ्याला देते, आणि तुमचे ओटीपी मग त्याच्या खिशात वाजतात.