एथिक्स कमिटीचं (ईसीचं) मंजुरीपत्र हातात येईपर्यंत एकही फॉर्म भरू नका

एमडीचा थिसिस करताय म्हणजे सिनॉप्सिस (आराखडा), सॅम्पल साइझ (किती जण घ्यायचे ते), एथिक्स कमिटीच्या (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीच्या) मीटिंगच्या तारखा हे सगळं तुम्हाला ठाऊक असणारच. मी जिथे अडकले तिथेच थेट येते.

पीएसएमला (सामाजिक आरोग्याचा विभाग) एमडी करताना माझा विषय होता: मधुमेहाचे रुग्ण गोळ्या मध्येच का सोडतात. मंजुरीआधी ‘पायलट’ (छोटी चाचणी) म्हणून ओपीडीत चाळीस जणांना प्रश्न विचारून घेतले. सीनियर म्हणाले होते, पायलटला कोण विचारतंय! तेच चाळीस पुढे थिसिसमध्ये धरायचे होते. कमिटीने फॉर्मवरच्या तारखा पाहिल्या आणि चाळीसही बाद केले.

पुन्हा सांगते. संशोधनासाठी माणसाला पहिला प्रश्न विचारलात की संशोधन सुरू झालं. त्याला पायलट म्हणा नाहीतर प्री-टेस्ट. झालेल्या कामाला मागाहून मंजुरी मिळत नाही. ‘नुसती प्रश्नावली आहे, धोका कसला’ हेही आपण ठरवायचं नसतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत काही अभ्यासांना सूट आहे, पण ती कमिटी देते. मंजुरीनंतर एक प्रश्न जरी वाढवायचा झाला तरी आधी कळवायचं. गाईडचं तोंडी ‘करून टाक’ म्हणजे मंजुरी नव्हे.

त्या चाळिसांत एक आजी होत्या. अंगठा देण्याआधी त्यांनी विचारलं, “डॉक्टरीणबाई, नाही म्हटलं तर गोळ्या बंद होतील का?” मी घाईत “नाही हो” म्हणून शाईचं पॅड पुढे केलं. कमिटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने नेमकं तिथेच बोट ठेवलं: “गोळ्या लिहून देणारी तूच, संमती घेणारीही तूच. मग ती नाही म्हणेल कशी?”

त्या रात्री झोप लागली नाही.

सीनियरचं संमतीपत्र उचलून नाव-गाव बदलू नका, अगदी कळकळीने सांगते. ‘स्वेच्छेने सहभागी होत असून’ हे ओपीडीतल्या किती जणांना कळतं? मी नवं लिहिलं. पहिलीच ओळ: ‘नाही म्हटलंत तरी तुमच्या गोळ्या चालूच राहतील.’ संमती घ्यायची ती गोळ्या हातात पडल्यावर, वेगळ्या बाकावर, उपचाराशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याने. अंगठा असेल तर तटस्थ साक्षीदार हवाच.

त्रुटी निघाल्या म्हणून घाबरू नका. बहुतेकांच्या निघतात, माझी फाइल दुसऱ्या खेपेला मंजूर झाली. नव्याने सुरुवात केली त्या दिवशी तिघांनी नको म्हटलं आणि गोळ्या घेऊन ते घरी गेले.