आजोबांच्या बाडातलं ११७१ साल

आजोबांनी कुळवृत्तांतासाठी जमवलेलं बाड काकांकडून आतेभावाकडे आणि तिथून इंदूरला माझ्याकडे आलं. मधल्या पिढीत कुणीतरी वंशावळ कॉम्प्युटरवर उतरवली आणि मूळ पुरुष थेट इसवी ११७१ मध्ये नेऊन बसवला! मोडीतल्या कागदावर होतं ‘इहिदे सबैन मया व अलफ’. इहिदे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. मिळून ११७१. पण हा इसवी नव्हे, शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीतल्या कागदांवरची अरबी अंकनामांची कालगणना, मृगाला (जूनच्या सुरुवातीला) बदलणारी. त्यात ५९९ मिळवले की इसवी साल. जानेवारी ते मृगापर्यंतच्या कागदाला ६००. म्हणजे १७७०-७१, अहिल्याबाईंचा काळ. वंशावळीत आता दोन्ही सनांचे रकाने केलेत. आजोबांच्या पेन्सिलीच्या खुणा तशाच ठेवल्या. गंजलेल्या टाचण्या मात्र काढल्या, त्यांनी कागद खायला घेतला होता.