पावसाआधीची फांदीतोड: आधी खालचा काप, मग वरचा

पाऊस तोंडावर आलाय. वाळलेल्या, चिरलेल्या, लोंबणाऱ्या फांद्या पहिल्या वादळाच्या आत उतरवायला हव्यात आणि हाताशी दिवस थोडे आहेत. घाई करावीच लागेल. पण चांगली फळझाडं वाया घालवणारी आणि माणसं जायबंदी करणारी चूक नेमकी याच घाईत होते. फांदीला खालून काप न देता ती थेट वरून कापायला घेतात.

मग काय होतं ते पाहा. करवत अर्ध्याच्या थोडी पुढे गेली की उरलेल्या लाकडाला फांदीचं वजन पेलवत नाही. फांदी कापाच्या जागी तुटत नाही, बुडाकडे चिरत जाते. खालची साल खोडापर्यंत, कधी खोडावरून हात-दीड हात खाली सोलून नेते. शिडी बहुतेक वेळा त्याच खोडाला टेकलेली असते. बुडाशी सालीला लटकलेली फांदी झोका घेऊन परत खोडाकडे येते आणि मध्ये माणूस असतो.

झाडाची तऱ्हा वेगळी. त्या दिवशी त्याला काही झाल्यासारखं दिसत नाही. पावसाचं पाणी सोललेल्या जागी मुरतं, बुरशी धरते, खोडकिडीच्या मादीला अंडी घालायला फट मिळते. दोन-तीन हंगामांनी त्या बाजूची पालवी बारीक होते, फळ गळतं. मग दुकानदार टॉनिकची बाटली पुढे करतो, शेतकरी ती घेतो आणि दोघांपैकी कुणी खोडावरची जुनी जखम बघत नाही.

मनगटाहून जाड असलेली प्रत्येक फांदी तीन कापांत उतरवा.

पहिला काप खालून. खोडापासून साधारण एक फूट लांब, फांदीच्या जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल. करवत अडकायला लागायच्या आत थांबा. दुसरा काप वरून, पहिल्याच्या दोन-तीन बोटं पुढे, शेंड्याच्या बाजूला. फांदी तुटताना चीर खालच्या कापापर्यंत येते आणि तिथेच थांबते. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा. तो हाताने पेलून धरण्याइतका हलका झालेला असतो, म्हणून काप साफ बसतो. एकूण वेळ फार तर पाच मिनिटं जास्त. या पाच मिनिटांसाठी कुणी थांबत नाही, हेच दुखणं आहे.

तिसरा काप कुठे द्यायचा यावर गावोगाव वाद होतात. फांदी खोडाला मिळते तिथे बुडाशी फुगवटा असतो आणि वरच्या बेचक्यात सालीची एक खरखरीत वळी असते. काप या दोन्हींच्या लगेच बाहेर द्यायचा. खोडाशी सपाट कापलं तर फुगवटाच जातो आणि जखम दुपटीने मोठी होते. वीतभर खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि कुज आत उतरते. अमेरिकेच्या वनसेवेतले ॲलेक्स शायगो यांनी असंख्य झाडं उभी चिरून आतली कुज कशी पसरते ते पाहिलं आणि 1977 साली त्यावरची पुस्तिका आली. त्यांचं सांगणं थोडक्यात असं: झाड जखम भरून काढत नाही, ती कोंडून टाकतं. आतल्या आत भिंती घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. फुगवटा शाबूत असेल तरच हे काम नीट होतं.

म्हणूनच जखमेवर लावायच्या महागड्या मलमांवर माझा विश्वास नाही. डांबर, ऑइलपेंट, रबरासारखा थर धरणारे डबे यांच्याखाली ओल कोंडते आणि कुज थांबत नाही. दुकानदार म्हणतो जखम लवकर भरते. जखम नव्या लाकडाने झाकली जाते ती काप बरोबर असेल तर, आणि तेव्हा ती मलमाशिवायही झाकली जाते. पोकळ खोडात सिमेंट भरण्याचा जुना उद्योगही सोडून द्या. झाड वाऱ्याने हलतं, सिमेंट हलत नाही आणि दोन्हींच्या मधल्या फटीत पाणी साचतं.

फळझाडांवर मोठ्या कापाला बोर्डो पेस्ट लावण्याची अधिकृत शिफारस आहे. ती स्वस्त आहे आणि दमट हवेत बुरशीला अडवते, एवढ्यासाठी माझी हरकत नाही. 10 टक्के पेस्टचं प्रमाण असं:

- मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर
- दोन्ही वेगवेगळे भिजवा, भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं नको
- मोरचुदाचं पाणी भिजवलेल्या चुन्याच्या पाण्यात ओता आणि ढवळत राहा
- लोखंडी सळई बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना वाढवा
- त्याच दिवशी वापरा, हातमोजे घाला

सोललेल्या सालीवर मात्र ही पेस्ट फासून भागत नाही. लोंबणारी साल धारदार चाकूने जिवंत सालीच्या कडेपर्यंत साफ करा, जखम उगाच वाढवू नका. आणि पुढच्या वेळी खालून काप द्या.

आत्ता काय कापायचं? फक्त वाळलेलं, मोडकं, लटकलेलं आणि चिरलेलं बेचकं. हिरव्या जाड फांद्यांची छाटणी पावसाच्या तोंडावर करू नका, ताज्या जखमेवर सततची ओल बसते. ती कोरड्या दिवसांसाठी ठेवा आणि तेव्हाही एका वेळी पाव हिश्शाहून जास्त पसारा काढू नका. शेंडा छाटून झाड बोडकं करणं तर नकोच. तिथून झुपक्याने फुटणारे कोंब वरवर चिकटलेले असतात आणि जाड झाले की वाऱ्यात तेच आधी निखळतात.

चढण्याआधी:

- झाडाला पूर्ण फेरी मारा: मोहोळ, मुंगळे, चिरा, बुडाशी आळंबी
- खोडावर लाकडी हातोडा मारून आवाज ऐका. बद्द आवाज आला तर चढू नका
- वाळलेल्या फांदीला हात किंवा दोर नको
- शेवगा, जांभूळ यांच्या हिरव्या फांदीवरही भार नको
- कमरेला नुसता दोर नको. पूर्ण अंगाचा पट्टा, आणि कापताना दोन ठिकाणी बांधणी
- खाली एक जाणता माणूस हवाच, पण फांदीच्या सावलीत नको
- साल ओली असेल, लहान झाडं डोलण्याइतका वारा असेल, तर काम बंद
- गडगडाट ऐकू आला की खाली. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा

मुंगळ्यांना हसू नका. वीस फुटांवर ते बाहीत शिरले की माणूस दोन्ही हात सोडतो.

माझा एक अंदाज आहे. वरून धडधाकट दिसणाऱ्या फांदीच्या चिरेतून मुंग्यांची रांग भुशाचे कण बाहेर आणत असेल, तर ती फांदी आतून पोकळ समजावी. हे कुठल्या पुस्तकातलं नाही, पण मी अशा फांदीखाली कुणाला उभं राहू देत नाही. तापलेल्या, वारा पडलेल्या दुपारी जाड आडव्या फांद्या आपोआप मोडून पडतात हे मात्र जगभर नोंदलेलं आहे. जेवायला बसायची जागा निवडताना वर बघा.

यंत्राच्या करवतीबद्दल. दुकानात लांब पात्याचं यंत्र गळ्यात मारतात. फांदीतोडीला आखूड पातं पुरतं आणि ते हातात राहतं. साखळीचा ब्रेक चालत नसेल तर यंत्र फुकट मिळालं तरी घेऊ नका. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की यंत्र उसळून चेहऱ्याकडे येतं. म्हणून दोन्ही हात, अंगठा मुठीभोवती पूर्ण वळलेला, आणि खांद्याच्या वर कधीच नाही. शिडीवरून तर यंत्र चालवूच नका, तिथे हातकरवतच घ्या. साखळीतून ढलप्यांऐवजी पीठ पडायला लागलं की धार गेली. जोर लावू नका, कानस लावा. शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी, कानांना झाकण, पायांना कापरोधक पँट, हे सगळं नव्या यंत्राच्या आधी घ्या.

खालच्या कापाचा नियम एका ठिकाणी उलटतो आणि वादळानंतर तेच सगळीकडे दिसतं. खोडाला लटकलेल्या फांदीची वरची बाजू ताणात आणि खालची दाबात असते, म्हणून आपण खालून सुरू करतो. पण पडलेली फांदी दोन्ही टोकांना टेकून मध्ये झुकली असेल तर दाब वर असतो आणि ताण खाली. तिथे आधी वरून थोडा काप द्या, मग खालून सावकाश. नियम एकच: दाबाच्या बाजूने उथळ काप आधी, ताणाची बाजू नंतर. धनुष्यासारखी वाकून अडकलेली फांदी असेल तर वाकाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहू नका, ती सुटते तिकडेच. कुठली बाजू ताणात आहे हे कळत नसेल तर हात लावू नका.

विजेच्या तारेजवळ आपलं काम नाही. तारेपासून फांदी, शिडी, करवत आणि माणूस सगळे किमान 3 मीटर दूर हवेत. ओली फांदी वीज वाहून नेते, तारेला प्रत्यक्ष टेकलेली नसली तरी वीज झेप घेऊन झटका बसू शकतो. तार फांदीसकट खाली पडली असेल तर जवळ जाऊन बांबूने ढकलू नका, जमीनही भारलेली असते. लोकांना लांब ठेवा आणि पुरवठा बंद झाल्याचं वीज कंपनीच्या माणसाने सांगेपर्यंत थांबा.

आणखी एक काम या आठवड्यात करा. गेल्या वर्षी वरून कापलेल्या फांद्यांच्या बुडाशी जा आणि सोललेल्या जागा बघा. ओला भुसा किंवा डिंक दिसला तर आत भिरूड, म्हणजे खोडकिडीची अळी आहे. छिद्र मोकळं करून तारेच्या आकड्याने अळी ओढून काढा. निम्मं काम इथेच होतं. आंब्यासाठीची शिफारस त्यानंतर येते: क्लोरपायरीफॉस 20 टक्के प्रवाही, 5 मिली प्रति लिटर पाणी, द्रावण छिद्रात सोडून चिखलाने तोंड बंद. औषधाच्या लेबलवर त्या पिकाचं नाव आहे का ते आधी वाचा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा बघा. ताजा भुसा पडला असेल तर दुसरी अळी आत आहे आणि आकडा पुन्हा घालावा लागेल.