बाभळीचे शास्त्रीय नाव दुरुस्त करताना या चुका टाळा

अकेशिया या प्रजातीतली (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) बाभूळ आता व्हॅचेलिया निलोटिका झाली एवढे कानावर पडले की उतावळे नवशिके संगणकावर ‘अकेशिया’ शोधून सगळीकडे ‘व्हॅचेलिया’ टाकतात. आफ्रिकी वृक्षांची अशीच ‘दुरुस्त’ केलेली एक यादी एकदा माझ्याकडे तपासायला आली. तिच्यात डिंकाचे अकेशिया सेनेगलही व्हॅचेलिया झाले होते. ते वास्तविक सेनेगालियात जाते. अकेशिया अल्बिडाचीही तीच गत होती, जरी ते झाड १९३४ पासून फेडर्बिया या प्रजातीत आहे. कहर म्हणजे, जुन्या शीटवरील (वाळवलेला नमुना चिकटवलेल्या कागदावरील) लेबलाचा जो मजकूर अवतरणात जसाच्या तसा द्यायचा होता, त्यातले ‘अकेशिया अरेबिका’ हे बाभळीचे जुने नावसुद्धा बदलले होते. प्रत्येक ओळ शीटच्या छायाचित्राशी पुन्हा ताडून पाहण्यात माझे दोन आठवडे गेले. तेव्हापासून मी वहीत तीन रकाने आखतो: लेबलावर जे आहे ते, मूळ नाव (बाभळीसाठी मिमोसा निलोटिका, लिनियस, १७५३) आणि आजचे नाव. पहिल्या रकान्याला हात लावायचा नाही.

दुसरी चूक म्हणजे ‘बाभळीचा टाइप (नाव ज्याच्याशी बांधलेले असते तो नमुना) व्हिएन्नात बदलला’ असे ठोकून देणे. अकेशिया हे नाव पूर्वी बाभळीशी बांधलेले होते. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या २००५ च्या व्हिएन्ना अधिवेशनाने ते ऑस्ट्रेलियातील अकेशिया पेनिनर्विसशी बांधले आणि २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झाले. (व्हिएन्नात विरोधी मतेच जास्त होती, प्रस्ताव फेटाळण्यासाठी लागणारे ६० टक्के मात्र भरले नाहीत.) बदलला तो प्रजातीचा टाइप, बाभूळ या जातीचा टाइप होता तोच आहे. त्यामुळे आपल्याकडे रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ अकेशियाच राहिली आणि खरी बाभूळ मात्र बाहेर पडली, हे पचवणे जड जाते, पण लिहायचे तसेच.

टाइप हा नावाचा खुंटा असतो, जातीचा आदर्श नव्हे. दक्षिण आफ्रिकेतील क्राउसियाना उपजातीची शेंग माळेसारखी आवळलेली नसते, म्हणून ती बाभळीतून वगळली जात नाही.

२००१ पासून लेक्टोटाइप (मूळ साहित्यातून मागाहून निवडलेला टाइप) नेमताना ‘येथे नेमला’ असे स्पष्ट लिहावे लागते. ते राहिले तर निवड ग्राह्य धरली जात नाही.

बर्लिनचे हर्बेरियम (वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह) मार्च १९४३ च्या बॉम्बफेकीत जळाले आणि त्यात कित्येक आफ्रिकी झाडांचे टाइप गेले, हे खरे. परंतु तेवढ्यावरून निओटाइप (मूळ साहित्य उरलेच नसेल तेव्हाचा नवा टाइप) नेमणे हा निव्वळ आळस आहे. त्याच संग्राहकाची त्याच क्रमांकाची दुसरी शीट लंडन किंवा पॅरिसला असू शकते आणि ती असेल तर नियमाने मान तिचाच आहे.